गवताच्या कामासाठी ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवत कापणे (मोअर), ते पसरवून वाळवणे (टेडर), ओळी लावणे (रेक) आणि गठ्ठे बांधणे (बेलर) या कामांसाठी ट्रॅक्टरची चाके किती अंतरावर बसवावीत, याबद्दल सातत्याने विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या कामात चाकांचे अंतर ट्रॅक्टर पाहून ठरत नाही, तर चाकांमधून जाणारी गवताची ओळ पाहून ठरते. पुढची जवळजवळ सगळी उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

१. चाकांमधील अंतर म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंतचे अंतर, आणि ते मोजायचे कसे?

एकाच ॲक्सलवरील डाव्या टायरच्या मध्यरेषेपासून उजव्या टायरच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर म्हणजे चाकांमधील अंतर. माहितीपुस्तिकेत ते ट्रॅक रुंदी या नावाने दिलेले असते. पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या लांबीला व्हीलबेस म्हणतात. तो वेगळा आहे आणि त्याचा येथे संबंध नाही.

टायरची मध्यरेषा टेपने अचूक पकडणे अवघड जाते. दोन्ही टायर एकाच मापाचे असतील, तर डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेवर टेपचे टोक धरून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत मोजावे. हे माप म्हणजेच ट्रॅक रुंदी, कारण एका टोकाला जास्तीची धरलेली अर्धी टायररुंदी दुसऱ्या टोकाला आपोआप वजा होते.

गवताच्या कामात मात्र या मापापेक्षा त्यातून निघणारी दोन मापे अधिक उपयोगी पडतात. ट्रॅक रुंदीतून एका टायरची रुंदी वजा केली की चाकांमधील आतले मोकळे अंतर मिळते, आणि तेवढीच रुंदी मिळवली की ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी मिळते. उदाहरणार्थ, १६.९-२८ मापाच्या टायरची नाममात्र रुंदी १६.९ इंच, म्हणजे सुमारे ४३० मिलिमीटर असते. ट्रॅक रुंदी १५०० मिलिमीटर असेल, तर आतले मोकळे अंतर सुमारे १०७० आणि बाहेरची रुंदी सुमारे १९३० मिलिमीटर भरते. टायर जमिनीजवळ वजनाने फुगतो, त्यामुळे हवेचा दाब योग्य ठेवून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना, फुगवट्याशी प्रत्यक्ष मोजलेले माप नाममात्र मापापेक्षा अधिक विश्वासाचे असते.

२. नांगरणीसाठी बसवलेल्या अंतरावरच गवताचे काम केले तर काय बिघडते?

नांगरणीत चाकांचे अंतर नांगराच्या रुंदीशी आणि सरीत चालणाऱ्या चाकाशी जुळवलेले असते, आणि ते बहुधा अरुंद असते. त्याच अंतरावर बेलर जोडला, तर ट्रॅक्टरची चाके गवताच्या ओळीच्या दोन्ही कडांवरून जातात. बेलर गेल्यावर मागे वळून पाहिले, की ओळीच्या जागी दोन्ही बाजूंना गवताच्या बारीक रेघा राहिलेल्या दिसतात. जवळ जाऊन पाहिले, तर टायरच्या लगांनी (नक्षीच्या उंच पट्ट्यांनी) ते गवत ठशाठशाने मातीत दाबलेले असते आणि पिकअपचे (बेलरच्या गवत उचलणाऱ्या भागाचे) दात त्याच्यावरून नुसते सरकून गेलेले असतात.

शेतात राहिलेले गवत हा त्यातला लहान तोटा आहे. दाबलेल्या गवतापैकी जे उचलले जाते, ते आपल्याबरोबर माती घेऊन गठ्ठ्यात जाते. शिवाय चेपलेल्या गवतातून हवा खेळत नसल्यामुळे ते उरलेल्या ओळीपेक्षा उशिरा वाळते. गठ्ठा बांधताना गवतातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असावा लागतो. ओळीचा मधला भाग त्या मर्यादेत आलेला असला, तरी कडेचा दाबलेला भाग आलेला नसतो, आणि गठ्ठ्यात बुरशी तेथूनच धरू लागते. जनावराच्या पुढ्यात जाणारे अन्न आपण चाकाखाली घालतो आहोत, हे अंतर ठरवताना ध्यानात ठेवावे.

३. मग एक आकडा सांगा. किती अंतर ठेवावे?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, पण तो काढण्याची पद्धत सोपी आहे. ओळीची सर्वांत रुंद जागा मोजावी, तिच्यात दोन्ही बाजूंना निदान दहा-दहा सेंटिमीटर मोकळीक मिळवावी, आणि त्या बेरजेत एका टायरची रुंदी मिळवावी. ओळ १.१ मीटर रुंद असेल तर मोकळिकीसह १.३ मीटर होतात, त्यात ०.४३ मीटरचा टायर मिळवला, की ट्रॅक रुंदी सुमारे १.७३ मीटर हवी असे उत्तर येते. टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या चाकांवर नेमके हे माप मिळत नसेल, तर त्याच्या वरचा टप्पा निवडावा.

मध्यम आकाराच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत मागच्या चाकांचे अंतर साधारण १.३ ते १.९ मीटरपर्यंत बदलता येते, त्यामुळे हे उत्तर बहुधा आवाक्यात असते. ते आवाक्याबाहेर गेले, तर चाके ओढूनताणून बाहेर काढण्यापेक्षा ओळ अरुंद करणे शहाणपणाचे आहे. अरुंद ओळीचा गोल गठ्ठ्यावर होणारा परिणाम पुढच्या प्रश्नात पाहा.

४. ओळ अरुंद केली आणि गोल बेलर नागमोडी चालवला, तर चाके जवळ ठेवता येतील ना?

हा समज फार पसरलेला आहे, आणि तो पूर्णपणे खरा नाही. गोल गठ्ठा दोन्ही टोकांना सारखा भरण्यासाठी गवत चेंबरच्या (बेलरमध्ये गठ्ठा तयार होतो त्या पोकळीच्या) दोन्ही कडांपर्यंत पोहोचावे लागते. ओळ चेंबरएवढी रुंद असेल, तर ते सरळ चालूनच साधते. ओळ चेंबरच्या निम्म्या रुंदीची असेल, तर काही अंतर ती एका कडेला आणि पुढचे काही अंतर दुसऱ्या कडेला धरून चालवावे लागते.

आता हिशेब करू. चेंबर १.२ मीटर रुंद आहे आणि ओळ ०.६ मीटरची आहे. ही ओळ चेंबरच्या डाव्या कडेला लागून घ्यायची, तर तिची बाहेरची कड बेलरच्या मध्यरेषेपासून ०.६ मीटरवर येते. चेंबरएवढ्या रुंद ओळीची कडही मध्यरेषेपासून तेवढ्याच अंतरावर असते. म्हणजे ओळ रुंद असो वा अरुंद, गवत चेंबरच्या कडेपर्यंत न्यायचे असेल, तर ट्रॅक्टरच्या चाकांमध्ये चेंबरच्या रुंदीएवढी मोकळी जागा लागतेच, आणि वर थोडी मोकळीक लागते. ओळ अरुंद केल्याने फरक पडतो तो इतकाच, की एका वेळी एकाच चाकाकडे लक्ष द्यावे लागते.

पिकअप चेंबरपेक्षा रुंद असेल आणि त्याच्या टोकांना गवत आत ढकलणारे स्क्रू किंवा चाके असतील, तर भरणीत थोडी मदत होते, पण मूळ गणित तेच राहते. नागमोडी चालवताना दर दोन-चार मीटरला बाजू बदलू नये. काही अंतर एका कडेने चालून मग एकदम दुसऱ्या कडेला जावे, नाहीतर बहुतेक गवत मध्येच पडते आणि गठ्ठा पिंपासारखा मध्ये फुगतो.

५. आमचा लहान चौकोनी गठ्ठ्यांचा बेलर ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला चालतो. त्याला प्रश्न ३ मधली पद्धत लागू पडते का?

नाही, आणि येथे उलटी दिशा पकडावी लागते. अशा बेलरमध्ये ओळ चाकांच्या मधून जात नाही; ट्रॅक्टर ओळीच्या डावीकडून चालतो आणि पिकअप उजवीकडे बाहेर असतो. त्यामुळे आतले मोकळे अंतर गौण ठरते, आणि उजव्या मागच्या टायरची बाहेरची कड ओळीच्या डाव्या कडेपासून दूर राहते की नाही, हे महत्त्वाचे ठरते. चाके फार रुंद बसवली, तर चालकापुढे दोनच वाटा उरतात : ओळीची कड तुडवणे, किंवा डावीकडे सरकून पिकअपच्या उजव्या टोकाचे गवत सोडून देणे.

मोजणी अशी करावी. बेलर कामाच्या स्थितीत जोडून, ट्रॅक्टर सरळ रेषेत उभा करून, ड्रॉबारच्या (यंत्र ओढणाऱ्या, ट्रॅक्टरमागच्या दांड्याच्या) पिनेच्या मध्यापासून पिकअपच्या डाव्या टोकापर्यंतचे आडवे अंतर घ्यावे. ट्रॅक्टरच्या बाहेरच्या रुंदीचा अर्धा भाग या अंतरापेक्षा निदान दहा सेंटिमीटरने कमी असावा. तो जास्त भरत असेल, तर चाके एक टप्पा आत घ्यावीत. बेलरच्या दांड्याला कामाच्या एकाहून अधिक जागा असतील, तर तो बाहेरच्या छिद्रात नेऊनही ही जागा मिळू शकते. ड्रॉबार मात्र मध्यभागीच पिनेने अडकवलेला असावा. तो बाजूला सरकवून जागा काढली तर पीटीओ शाफ्ट (इंजिनची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) सतत वाकड्यात फिरतो.

ट्रॅक्टरच्या थेट मागे, सरळ रेषेत चालणारे चौकोनी बेलरही असतात. त्यांना प्रश्न ३ आणि ४ मधला हिशेब लावावा.

६. बाजूला चालणाऱ्या मोअरसाठी चाकांचे अंतर किती असावे?

थ्री पॉइंट लिंकेजला (ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांच्या जोडणीला) जोडलेला डिस्क, ड्रम किंवा पात्याचा मोअर ट्रॅक्टरच्या उजवीकडे बाहेर कापत चालतो. येथे उजव्या मागच्या टायरची बाहेरची कड मोअरच्या आतल्या बुटाच्या (जमिनीवर टेकणाऱ्या आधाराच्या) आत राहायला हवी. ती बाहेर गेली तर टायर उभ्या गवतावरून जातो, गवत आडवे पडते, आणि पाते त्याच्यावरून निघून जाते. कापलेल्या शेतात न कापलेल्या गवताची एक सलग दाढी उभी राहते, ती यामुळेच. अशा वेळी पात्याची धार तपासण्यात वेळ जातो आणि दोष चाकात असतो.

ट्रॅक रुंदी १७०० आणि टायर ४३० मिलिमीटर असेल, तर टायरची बाहेरची कड ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून १०६५ मिलिमीटरवर येते. मोअरचे कापणे मध्यरेषेपासून त्याहून पुढे सुरू व्हायला हवे. बऱ्याच मोअरच्या हिचवर (जोडणीच्या चौकटीवर) पिना आडव्या सरकवून हे अंतर जुळवण्याची सोय दिलेली असते, आणि त्या त्या जागेला ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी किती चालेल याचा तक्ता मोअरच्या पुस्तिकेत असतो. चाकाला हात लावण्याआधी तो तक्ता पाहावा.

मोअरच्या बाहेरच्या टोकाला असलेल्या फळीचा उपयोगही चाकाशी निगडित आहे. ती फळी कापलेले गवत उभ्या पिकापासून आत लोटते, आणि पुढच्या फेरीत उजवे चाक त्या स्वच्छ पट्ट्यातून जाते. फळी मोडलेली किंवा काढून ठेवलेली असेल, तर चाकांचे अंतर कितीही बरोबर असले तरी उजवे चाक कापलेल्या गवतावरूनच जाणार.

७. टेडर आणि रेकसाठी वेगळे अंतर हवे का?

सहसा नको. टेडर चालवताना गवत सगळीकडे पसरलेले असते आणि चाके त्यावरून जाणारच. मागून येणारे टेडरचे दात दाबलेला बराचसा भाग पुन्हा सैल करतात. पुढची आणि मागची चाके एकाच वाटेने जात असतील तर दाबलेले पट्टे दोनच राहतात, नाहीतर चार होतात (प्रश्न ८ पाहा). रेकच्या बाबतीत फक्त एवढे पाहावे, की एका फेरीत लावलेल्या ओळीवर पुढच्या फेरीत चाक चढत नाही.

८. पुढच्या चाकांचे अंतर मागच्याइतकेच ठेवावे का?

शक्य असेल तर पुढचा टायर मागच्या टायरच्या वाटेतूनच जाईल असे ठेवावे. पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे दोन्ही ॲक्सलची ट्रॅक रुंदी जवळपास सारखी ठेवली, की तो मागच्या टायरच्या पट्ट्यात बसतो. गोल बेलरसाठी मागची चाके बाहेर घेतली आणि पुढची तशीच ठेवली, तर पुढची चाके ओळ तुडवत जातात आणि मागची चाके सरकवण्याचे सगळे कष्ट वाया जातात. ही चूक सर्रास आढळते.

टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरात पुढचा ॲक्सल एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो आणि बोल्ट ठरावीक छिद्रांत बसवून तो लांब-आखूड करता येतो. दोन्ही बाजू सारख्याच छिद्रांनी सरकवाव्यात, आणि त्याबरोबर स्टीअरिंगचे टाय रॉडही तेवढेच लांब करावेत. त्यानंतर टो-इन तपासावे : हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) उंचीवर दोन्ही चाकांमधील समोरचे आणि मागचे अंतर मोजावे, आणि समोरचे अंतर पुस्तिकेत दिलेल्या काही मिलिमीटरनी कमी आहे याची खात्री करावी. टो-इन बिघडले तर पुढचे टायर घासत चालतात आणि लवकर झिजतात.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा ॲक्सल लांबत नाही. तेथे रिम आणि डिस्कची (चाकाच्या मधल्या तबकडीची) जागा बदलावी लागते. चाके आत घेतली असतील, तर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि ॲक्सल झुलवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहावे, आणि गरज पडल्यास वळण रोखणारे बोल्ट पुन्हा लावावेत. चाकांचे अंतर बदलल्याने पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचे प्रमाण बदलत नाही. ते टायरच्या व्यासावर अवलंबून असते.

९. आमच्या ट्रॅक्टरची मागची चाके सरकतात की नाही, हे कसे ओळखावे?

चाकाकडे समोरून पाहावे. रिमच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेले कान असतील आणि मधली खोलगट डिस्क त्यांना बोल्टने जोडलेली असेल, तर ती सर्वाधिक आढळणारी रचना आहे. डिस्क कानाच्या आतून किंवा बाहेरून लावून, तिची खोलगट बाजू उलटी करून, आणि रिम फिरवून साधारण आठ वेगवेगळी अंतरे मिळतात. दोन टप्प्यांमध्ये बहुधा १०० मिलिमीटरचा फरक असतो.

ॲक्सल चाकाच्या बाहेर लांब आलेला दिसत असेल, तर हब त्याच्यावर सरकतो आणि कोणतेही मधले माप घेता येते. रिमच्या आत तिरप्या, मळसूत्रासारख्या पट्ट्या असतील, तर पकड सैल करून इंजिनच्या ताकदीने चाक बाहेर किंवा आत फिरवता येते. ही पद्धत सोयीची आहे, पण थांबे नीट न लावता ती कधीही करू नये. यांपैकी काहीच दिसत नसेल आणि डिस्क व रिम एकसंध वेल्ड केलेली असेल, तर डिस्कची बाजू उलटवून मिळणाऱ्या एखाद्या जादा टप्प्यापलीकडे बदल होत नाही, आणि तोही पुस्तिकेत मान्य असेल तरच करावा.

१०. चाके बदलताना कोणती काळजी घ्यावी?

काम सपाट आणि टणक जागी करावे, शक्यतो सिमेंटच्या जमिनीवर. मागून जोडलेले यंत्र काढून ठेवावे. पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, आणि मागचेच चाक उचलले की त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी ठोकळे लावावेत. पुढचा ॲक्सल मध्यावर झुलतो, त्यामुळे मागची एक बाजू उचलल्यावर ट्रॅक्टर कलंडू शकतो. पुढच्या ॲक्सलच्या आणि सांगाड्याच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा माराव्यात. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग ॲक्सल हाउसिंगखाली जॅक लावावा, आणि उचलल्यावर लगेच खाली भक्कम स्टँड द्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली हातदेखील घालू नये.

मागचे चाक एकट्याने सांभाळण्यासारखे नसते. त्यात पाणी किंवा दुसरा द्रव भरलेला असेल किंवा बिडाची वजने लावलेली असतील, तर त्याचे वजन काही शे किलोंवर जाते, आणि तोल गेलेले चाक माणसाला थांबवता येत नाही. वजने आधी उतरवावीत आणि चाक उचलण्यासाठी क्रेन, चेन-पुली किंवा चाकाची ट्रॉली वापरावी.

नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर टॉर्क पान्याने आवळावेत. हबचे नट आणि रिमच्या कानांचे नट यांचे टॉर्क वेगवेगळे असतात. तासाभराच्या कामानंतर सगळे नट पुन्हा तपासावेत, दिवस संपताना पुन्हा तपासावेत, आणि एकही नट हलेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. नव्याने जोडलेल्या पृष्ठभागांवरचा रंग आणि गंज दाबला जाऊन नट ढिले पडतात, आणि ढिल्या नटांवर चाललेले चाक डिस्कची छिद्रे लांबट करून ठेवते.

११. डिस्क उलटवल्यावर टायरची नक्षी उलटी दिसते. तशी चालेल का?

गवताच्या कामात ओढ कमी असल्याने ट्रॅक्टर चालेल, पण तसे ठेवू नये. मागे उभे राहून पाहिले असता टायरच्या वरच्या भागातील लगांचे टोक वर, म्हणजे पुढच्या दिशेला असायला हवे. उलट दिशेने फिरणारा टायर चिखल बाहेर टाकत नाही आणि पकड कमी देतो. उपाय साधा आहे : संपूर्ण चाक उलटवून लावायचे असेल, तर डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे न्यावे. केवळ डिस्क रिममध्ये उलटवली असेल आणि रिमची बाहेरची बाजू तीच राहिली असेल, तर दिशा बदलत नाही.

१२. शेत उताराचे आहे. चाके शक्य तेवढी रुंद करावीत का?

उताराच्या आडव्या दिशेने चालणाऱ्या ट्रॅक्टरला रुंद अंतराचा खरा फायदा होतो, आणि तेथे ओळीच्या हिशेबापेक्षा एखादा टप्पा जास्त रुंद ठेवणे योग्यच आहे. मात्र हा फायदा किती आणि कुठे संपतो, हे समजून घ्यावे.

उभ्या ट्रॅक्टरचा उलटण्याचा कोन ढोबळमानाने दोन मापांवर ठरतो : ट्रॅक रुंदीचा अर्धा भाग आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंचीवर आणि ट्रॅक रुंदी १.५ मीटर असेल, तर हा कोन सुमारे ४३ अंश येतो. ट्रॅक रुंदी १.८ मीटर केली तर तो सुमारे ४८ अंश होतो. आता लोडरवर (ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या, भार उचलणाऱ्या यंत्रावर) गोल गठ्ठा उचलल्यामुळे गुरुत्वमध्य १.१ मीटरवर गेला असे समजू. रुंद केलेल्या चाकांवरही कोन सुमारे ३९ अंशांवर घसरतो, म्हणजे बिनभाराच्या अरुंद ट्रॅक्टरपेक्षाही खाली. चाके ३० सेंटिमीटरनी रुंद करून जे मिळवले, ते गठ्ठा वर उचलताच गेले आणि वर आणखी गमावले.

हे कोन कागदावरचे आहेत. प्रत्यक्ष सुरक्षित उतार त्यांच्यापेक्षा खूपच कमी असतो. पुढचा ॲक्सल मध्यावर झुलत असल्यामुळे ट्रॅक्टरचा आधार सुरुवातीला चौकोनी नसून त्रिकोणी असतो. वरच्या बाजूच्या चाकाखाली एखादा दगड, खालच्या चाकाखाली एखादा खड्डा, घाईने घेतलेले वळण किंवा मागच्या बेलरचा धक्का, यांपैकी प्रत्येक गोष्ट उलटण्याचा क्षण जवळ आणते. म्हणून उतारावर रुंद चाकांबरोबर संरक्षक चौकट उभी असावी, सीट बेल्ट बांधलेला असावा आणि लोडर जमिनीलगत असावा. या तीन गोष्टी नसतील, तर चाकांच्या रुंदीवर विसंबून उतारावर जाऊ नये.

१३. लोडर लावलेला असताना पुढची चाके रुंद करता येतात का?

लोडरवर गठ्ठा घेतला की पुढच्या ॲक्सलवरचा भार मोठ्या प्रमाणात वाढतो. चाक जितके बाहेर, तितका त्या भाराचा ॲक्सलवर, किंगपिनवर आणि बेअरिंगवर येणारा वाकवणारा ताण जास्त. म्हणूनच अनेक पुस्तिकांत लोडरसाठी पुढच्या चाकांच्या रुंदीची वेगळी, कमी मर्यादा दिलेली असते. ती मर्यादा पाळावी आणि मागे पुरेसे वजन लावावे. लोडरवाल्या ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्या रुंद चाकांशी जुळत नसतील, तर प्रश्न ८ मध्ये सांगितलेली जुळणी येथे सोडून द्यावी. ॲक्सल मोडण्यापेक्षा थोडे गवत तुडवले गेलेले बरे.

१४. चाके सरकत नाहीत. स्पेसर लावावेत का?

ट्रॅक्टरच्या उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेले असतील तरच लावावेत. स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्या मध्ये बसवायचा जाड तुकडा, चाक बाहेर नेतो, आणि त्याबरोबर ॲक्सलवरचा ताणही वाढवतो. बोल्टची लांबी, हबवर बसणारा मधला खांदा आणि धातूचा दर्जा यांत कुठेही कसूर असेल, तर भार सगळा बोल्टवर येतो. कारखान्याबाहेर घाईने वेल्ड करून बनवलेले स्पेसर कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत.

१५. अधिक रुंद टायर बसवले, तर त्याच ट्रॅक रुंदीवर काम चालेल का?

नाही. टायर दोन्ही बाजूंना सारखाच वाढतो, त्यामुळे आतले मोकळे अंतर कमी होते आणि बाहेरची रुंदी वाढते. म्हणजे गोल बेलर आणि मोअर या दोघांनाही अडचण होते. १३.६ इंची टायर काढून १६.९ इंची बसवला, तर आतले अंतर सुमारे ८४ मिलिमीटरनी घटते. ते भरून काढण्यासाठी चाके बहुधा एक टप्पा बाहेर घ्यावी लागतात, आणि मग मोअरच्या हिचवरची जागा पुन्हा तपासावी लागते (प्रश्न ६). रुंद टायर जमीन कमी दाबतो हे खरे आहे, पण केवळ गवताच्या कामासाठी ट्रॅक्टर असेल तर अरुंद टायरची बाजूही विचारात घ्यावी.

१६. चाके बरोबर आहेत, तरी ओळ ट्रॅक्टरच्या पोटाला घासते. आणखी रुंद करू का?

रुंद केल्याने हे थांबणार नाही, कारण अडचण उंचीची आहे. फुगलेली, उंच ओळ ट्रॅक्टरखाली घासली की तिचा आकार मोडतो, आणि वाळलेले गवत सायलेन्सर व इंजिनच्या गरम भागांशी साचून आग लागण्याचा धोका निर्माण होतो. हा धोका क्वचितचा समजू नये. ओळ लावतानाच ती कमी उंच आणि जास्त रुंद लावावी, आणि त्या रुंदीला पुरेल असे आतले अंतर मग ठेवावे. दिवसातून दोन-तीनदा इंजिन बंद करून खालचे गवत साफ करावे.

१७. एकच ट्रॅक्टर मोअरलाही वापरतो आणि बेलरलाही. प्रत्येक वेळी चाके बदलायची का?

तशी गरज पडू नये. चाके बेलरसाठी बसवावीत, आणि मोअर व रेक त्या अंतराशी जुळवून घ्यावेत. याचे कारण असे, की मोअरची जागा पिना सरकवून बदलते, रेकने ओळ कमी-जास्त रुंद लावता येते, पण बेलरचे चेंबर जेवढे आहे तेवढेच राहते. गोल बेलर आणि बाजूला चालणारा चौकोनी बेलर हे दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर चालवायचे असतील, तर खरी ओढाताण होते, कारण एकाला रुंद अंतर हवे असते आणि दुसऱ्याला अरुंद. अशा वेळी ज्या बेलरवर जास्त काम होते त्याला झुकते माप द्यावे. दुसरा ट्रॅक्टर उपलब्ध असेल, तर बेलर वाटून घ्यावेत.

१८. जागा मिळावी म्हणून फक्त उजवेच चाक आत घेतले तर?

ट्रॅक्टरची मध्यरेषा आणि चाकांची मध्यरेषा वेगळी होते. भार एका चाकावर जास्त पडतो, ब्रेक लावल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो, आणि आडव्या उतारावर एका बाजूचा आधार कमी पडतो. नांगरणीसाठी काही वेळा असे केले जाते, पण गवताच्या कामात थेट मागे जोडलेला बेलर मध्यरेषेवर चालत असल्याने ओळही मग मधून जात नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही हे तपासण्यासाठी ड्रॉबारच्या पिनेच्या मध्यापासून प्रत्येक टायरच्या आतल्या कडेपर्यंत मोजावे. दोन्ही मापे जुळायला हवीत.

१९. लसूणघासासारख्या पुन्हा फुटणाऱ्या पिकात चाकांच्या अंतराने काही फरक पडतो का?

पडतो, आणि या प्रश्नाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लसूणघास कापल्यावर काही दिवसांतच बुडख्यापासून नवे कोंब निघतात. त्यानंतर त्यांच्यावरून चाक गेले, तर कोवळे कोंब मोडतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून फूट काढावी लागते. पुढच्या कापणीत त्या वाटा बुटक्या दिसतात. कापणीनंतर जितके दिवस उलटतात तितके हे नुकसान वाढते, म्हणून बेलरची आणि गठ्ठे उचलण्याची फेरी लवकर आटोपणे हा पहिला उपाय.

दुसरा उपाय चाकांचा. रेक, बेलर आणि गठ्ठे वाहणारी गाडी यांना ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची ट्रॅक रुंदी सारखी ठेवली आणि चालकांनी पहिल्याच वाटा धरल्या, तर तुडवले जाणारे क्षेत्र बरेच घटते. ट्रॉलीच्या चाकांचे अंतरही या हिशेबात धरावे, कारण भरलेल्या ट्रॉलीचे वजन सगळ्यात जास्त असते आणि ती सगळ्यात शेवटी, म्हणजे कोंब सर्वाधिक वाढलेले असताना शेतात शिरते.

२०. चाके रुंद केल्यावर शेताबाहेर काय तपासावे?

बाहेरची रुंदी प्रत्यक्ष मोजून फाटक, पूल आणि शेडचे दार यांच्याशी ताडून पाहावी, आणि रस्त्यावर नेण्यासाठी आपल्या भागात वाहनाच्या रुंदीची जी मर्यादा असेल ती पाहावी. टायर मडगार्डच्या बाहेर आला असेल, तर चिखल आणि दगड चालकाच्या दिशेने उडतात. मडगार्ड रुंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. हंगाम संपल्यावर चाके पुन्हा आत घेतली, तर थ्री पॉइंट लिंकेजच्या खालच्या लिंका पूर्ण वर उचलून आणि दोन्ही बाजूंना हलवून त्या टायरला लागत नाहीत ना, आणि साखळ्यांचा ताण बरोबर आहे ना, हे यंत्र जोडण्याआधी पाहावे.